गाभ्याला चिकटलेली माती

जालन्यात मस्तगडच्या आमच्या घराची वरची खोली मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून रिकामीच होती. ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "नागपूरकडची एक मुलगी आहे, पीएचडी करते. सहा-आठ महिने जालना जिल्ह्यात फिरायचंय तिला. खोली देता का?" आम्ही हो म्हटलं. मुलगी आली ती छोट्या टेम्पोतून. सामान म्हणजे एक बॅग, एक गादी आणि प्लॅस्टिकचे सात-आठ क्रेट. ते वर चढवताना माझ्या नवऱ्याची कंबर धरली. आत काय आहे असं विचारल्यावर ती म्हणाली, "दगड." आम्हाला वाटलं गंमत करते.

पहिल्या रविवारीच गच्चीवरून टक् टक् आवाज यायला लागला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, काय फोडताय हो सकाळपासून? मी जरा रागातच वर गेले. मुलगी गच्चीच्या कोपऱ्यात जुनी सतरंजी अंथरून बसली होती. डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांसारखा चष्मा, मांडीवर चामड्याचा जाड तुकडा, एका हातात पांढरट गारेचा दगड आणि दुसऱ्या हातात गोल गोटा. समोर टवक्यांचा ढीग.

"काकू, या ना. पण चप्पल काढू नका," ती म्हणाली. "पायात घुसतात हे."

मी भांडायला गेले होते ती तासभर बसून राहिले. ती सांगत होती, आपल्यासारखीच माणसं, म्हणजे आपल्यासारखाच मेंदू आणि आपल्यासारखीच बोटं असलेली, शेती यायच्या कितीतरी आधी या भागात फिरत होती. त्यांच्याकडं लोखंड नव्हतं, मडकं नव्हतं. सुरी हवी असेल तर ती दगडातून काढायची. त्यांनी दगड कसा काढला हे समजायचं तर स्वतः काढून बघावं लागतं, म्हणून ती रोज सराव करत होती. "अजून मला नीट येत नाही," ती म्हणाली. "त्यांच्यातल्या एखाद्या बाईनं बघितलं असतं तर हसली असती मला."

तिनं मला एक दगड दिला. मी मधोमध मारला. काहीच झालं नाही, हात मात्र झिणझिणला. "मध्ये नाही. कडेला, आणि जरा तिरपं." पाच-सहा वेळा मारल्यावर एक टवका निघून खाली पडला. मी तो उचलून बघत होते, तर अंगठ्यावर रक्त दिसलं. कापलं केव्हा ते कळलंसुद्धा नव्हतं. तिनं खाली जाऊन पट्टी आणली, आणि ती बांधता बांधता त्याच टवक्यावर मला दाखवलं, की जिथं फटका बसला त्याच्या खाली दगडाला बारीक फुगवटा येतो आणि तिथून पुढं लहरी पसरतात, पाण्यात खडा टाकल्यावर पसरतात तशा. नुसत्या गडगडून फुटलेल्या दगडाला बहुतेक वेळा असं होत नाही. माणसाचा हात लागलाय का, हे त्यावरून ओळखतात. मग क्रेटमधून तिनं खरे जुने तुकडे काढले. अरुंद, लांबट पाती होती, करंगळीपेक्षा लहान. अशी पाती निघावीत म्हणून आधी दगड सगळीकडून घडवून घ्यायचा, त्याला ती गाभा म्हणत होती, आणि मग त्याच्या कडेनं एकाशेजारी एक पाती सोडवत जायचं. लाकडाच्या खाचेत डिंकानं ओळीनं बसवली की झालं हत्यार. एक पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं.

मी क्रेटमधला एक गाभा हातात घेऊन बघितला. गाजर सोलल्यावर त्याच्यावर जशा उभ्या पट्ट्या दिसतात तसा दिसत होता. आणि मला आठवलं, असले दगड मी लहानपणी पाहिलेत.

"आमच्या वावरात असल्या गारा खूप निघायच्या," मी म्हणाले. "दादा अजूनही वेचून बांधावर टाकतात."

तिनं चष्मा काढला. "कुठं आहे वावर?"

वाटूर आणि आष्टीच्या मधे आमचं गाव. वावर आता भाऊ करतो. कापूस, सोयाबीन, थोडी तूर. दादा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढं गेलेत, पण सकाळी एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. आयुष्यभर त्यांनी एक काम मनापासून केलं, ते म्हणजे दगडी ताल रचणं. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून दगडावर दगड ठेवून जो बांध घालतात, तो ताल. त्यात ना चुना ना सिमेंट. दादा दगड फोडत नसत. भिंतीतली रिकामी जागा एकदा बघायची, मग मागच्या ढिगाकडं जायचं आणि तिथून नेमका बसेल तोच दगड उचलून आणायचा. आसपासच्या गावांतून लोक त्यांना ताल रचायला बोलवायचे.

पुढच्या शनिवारी मी तिला घेऊन गेले. सोयाबीन निघून गेलं होतं, वावर मोकळं होतं. दादा बाजेवर बसले होते. मी सांगितलं, ही दगड बघायला आलीय.

"मंग बराबर ठिकाणी आली," दादा म्हणाले. "आमच्यात दुसरं काही एवढं पिकत न्हाई."

ती हसली आणि थेट वावरात गेली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिच्या मुठीत सात-आठ तुकडे होते आणि तिला बोलताना दम लागत होता. वरच्या वावरात काही नव्हतं. खालच्या पट्टीत मात्र, बांधाला लागून, पाती होती, टवके होते, आणि दादांनी आजवर बांधावर फेकलेल्या ढिगात गाभे होते. कडा कशा धारदार आहेत बघा, ती मला म्हणाली. नदीनं वाहून आणले असते तर घासून गोल झाले असते. म्हणजे हे इथलेच.

दादांनी एक तुकडा घेतला, उन्हाकडं धरला. "आमचा आजा चकमक बाळगायचा कंबरेला," ते म्हणाले. "गार, लोखंड अन् कापूस. चिलीम पेटवायला. त्याचे टवके न्हाईत ना हे?"

तिनं वही काढली. हा प्रश्न तिलाही पडलेला होता, पण चकमक चालवताना प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस तिला भेटलं नव्हतं. दादांनी आजाचा हात कसा चालायचा ते करून दाखवलं. चकमकीच्या गारेची कड दोन्हीकडून कुस्करली जाते, तिच्यातून असं लांबट पातं सुटत नाही. "मंग हे दुसऱ्याचंच काम हाय," दादांनी निकाल दिला.

त्यानंतर दोन महिने प्रत्येक शनिवार-रविवार आम्ही गावाला जात होतो. तिनं खालच्या पट्टीत सुतळ्या ताणून चौकोन पाडले. प्रत्येक तुकडा उचलायच्या आधी तो कुठं पडलाय ते कागदावर मांडायचं, मग पिशवीत घालायचा, पिशवीवर आकडा टाकायचा. मी मोजणीच्या कचेरीत नकाशे काढते. मोजणीवाले शेतात जाऊन मापं घेतात, ती कागदावर उतरवायचं काम माझं. हातभर बांधासाठी भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, हे मी रोज बघते. त्यामुळं वस्तू जिथं आहे तिथंच कागदावर दिसली पाहिजे, हा तिचा आग्रह मला ओळखीचा वाटला. तिचे चौकोन मी काढून द्यायला लागले. ते दिवस मला फार आवडले हे कबूल करते. कचेरीत मी आखते त्या रेघांवर माणसं भांडतात. इथं भांडायला कुणी नव्हतं.

दादा ओसरीवर बसून धुतलेले तुकडे वेगळे करायचे. रंगावरून, पोतावरून. एक दिवस तिनं त्यांना सांगितलं, "आजोबा, यातले दोन तुकडे एकमेकांना जुळले तर फार मोठी गोष्ट होईल. एकाच माणसानं एकाच बैठकीत काढलेले, असं सिद्ध होईल. मी तीन आठवडे बघतेय, एकही जुळत नाही."

"बघू," दादा म्हणाले.

त्यांनी परातीत सगळे तुकडे पसरले. बराच वेळ नुसते बघत बसले. हात लावला नाही. मग बांधाच्या ढिगातला एक गाभा उचलला, तपकिरी रंगाचा, आणि खालच्या पट्टीत सापडलेलं एक पातं. गाभ्याच्या एका खाचेत ते ठेवून अंगठ्यानं दाबलं. आवाजही झाला नाही. फट दिसेनाशी झाली.

"बसलं बघा," ते म्हणाले.

ती जवळ येऊन बसली. दादांनी त्या पात्याच्या बाहेरून दुसरं एक बसवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत चार पाती बसली. तिनं मार्गदर्शक सरांना फोन लावला, पण तिला नीट सांगताच येईना. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, तो माणूस इथंच बसला होता. किंवा बाई. इथं, या पट्टीत. उकिडवं बसून एकामागून एक पाती काढली, चांगली घेऊन गेला, ही टाकून गेला." आता इथं खड्डा घ्यायचा, काळ्या मातीखाली ज्या थरात हे होतं तो थर शोधायचा. त्या जागेला गावाचं नाव लागेल, असं ती सांगत होती. भावजयीनं त्या दिवशी शिरा केला.

जेवणं झाल्यावर दादा पुन्हा परातीजवळ गेले. तो तपकिरी गाभा त्यांनी उलटा केला. खालच्या खाचेत वाळलेली माती अडकली होती, धुऊनही न निघालेली. त्यांनी ती नखानं खरवडली, तळहातावर घेतली, थुंकीनं ओली केली आणि बोटांनी मळली. बराच वेळ मळत होते. मग हात धुतले आणि बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. मला वाटलं थकले असतील.

दिवस मावळायच्या आत, जनावरांना पाणी दाखवताना, त्यांनी मला गोठ्याकडं बोलवलं.

"त्या दगडाची माती आपली न्हाई बाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आपल्या वावरात काळी हाय, तिच्याखाली मुरूम. ही पिवळी, चिकट, चुनखडीची. अशी माती मी एकाच जागी बघितली." बादली भरून घेत म्हणाले, "तळ्यात."

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मागं दुष्काळात गावचं तळं कोरडं पडलं, तेव्हा गाळ उपसून शेतात टाकायची योजना आली होती. दादा स्वतः ट्रॉल्यांबरोबर गेले होते. "पहिल्या ट्रॉल्या काळ्याभोर गाळाच्या आल्या. शेवटच्या चारात पोकलेन लई खाली लागलं. पिवळी माती अन् गोटे आले. मी त्या पोकलेनवाल्याला बोललो बी. पण भरलेली ट्रॉली परत कोण नेतं? खालच्या पट्टीत टाकून दिली. नंतर नांगरलं, पाळी घातली, गेली मिसळून. मी इसरून गेल्तो. आज ती माती हातात आली अन् आठवलं."

"पण गारा तर आपल्याकडं आधीपासून निघायच्या. मीच लहानपणी वेचल्यात."

"गारा निघायच्या. साध्या. असल्या पात्याच्या न्हाई. मी बघून राह्यलो दोन महिने, मलाच वाटायचं की असतील पहिल्यापासून."

तळं आमच्या वावरापासून दोन कोस. ओसरीवरून तिचा आवाज येत होता, ती कुणालातरी फोनवर पुन्हा ती चार पाती सांगत होती. तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहायला मला बरेच दिवस लागले.

"दादा, तिनं विचारलं तर सांगा," मी म्हणाले. "आपणहून कशाला सांगायचं? किती जुनी गोष्ट ती. तो माणूस इथं बसला काय अन् दोन कोस तिकडं बसला काय, कुणाला फरक पडतो? पोरीचं सगळं काम त्यावर उभं आहे."

दादांनी बादली खाली ठेवली. "दोन कोसांत गाव बदलतं बाई," ते म्हणाले. रागावून नाही, सहज. मग माझ्याकडं बघून, "बरं. तू म्हणती तर."

बादली उचलून ते पुढं गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. पण मी त्यांच्या मागं जाऊन, नका ऐकू माझं, असंही म्हणाले नाही.

सकाळी चहा घेताना दादांनीच सुरुवात केली. "माय, तुला एक सांगायचं राहिलं," ते तिला म्हणाले. आणि ट्रॉल्यांचं, पिवळ्या मातीचं, सगळं सांगितलं. मी चुलीकडं बघत होते.

तिनं कप खाली ठेवला. मग एकेक प्रश्न विचारायला लागली, आवाज न चढवता. किती ट्रॉल्या? चारच, नक्की? तळ्याच्या कोणत्या अंगाला पोकलेन लागलं होतं? पट्टीत नेमक्या कुठं रिकाम्या केल्या? दादा काडीनं जमिनीवर रेघा मारून उत्तरं देत होते. जे आठवत नव्हतं तिथं, न्हाई आठवत, म्हणत होते. सगळं लिहून झाल्यावर ती उठली आणि एकटीच वावराकडं गेली.

"जल्दी परत ये म्हण तिला, ऊन व्हायलंय," दादा मला म्हणाले. मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "न्हाई सांगितलं असतं तर मला अन्न गेलं नसतं." माझ्या कालच्या बोलण्याचा त्यांनी तेव्हा काय, पुढंही कधी उल्लेख केला नाही.

तिनं दादांचं बोलणं तपासून बघितलं, हे मला नंतर बरं वाटलं. नुसतं ऐकून घेतलं नाही. खालच्या पट्टीत दोन जागी लहान खड्डे घेतले. दादा काठावर उभे होते. हात-दीड हात काळी माती निघाली, तिच्या वरच्या अंगाला पिवळ्या मातीची लहान ढेकळं मिसळलेली, आणि खाली एकदम मुरूम. मधे पिवळा थर कुठंच नव्हता.

"आजोबा, बराबर होतं तुमचं," ती म्हणाली. त्यांचा शब्द तिच्या तोंडी बसला होता.

मस्तगडला परतल्यावर दोन दिवस वरून कसलाही आवाज आला नाही. मी जेवणाचा डबा वर ठेवून आले, तो संध्याकाळी तसाच होता. तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाली, मेमध्ये तळ्याचं पाणी कमी होईल ना? मी दादांना फोन लावला. दादा म्हणाले, या.

मेच्या मधल्या आठवड्यात आम्ही गेलो. भावानं गाडी काढली. तळ्याचं पाणी मधोमध गोळा झालं होतं, कडेच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. पोकलेननं खणलेला मोठा खड्डा मात्र अजून हिरव्या पाण्यानं भरलेला. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. तिचा चेहरा उतरला. दादा डोक्यावरचं उपरणं सारखं करत, दुखरा गुडघा सांभाळत काठाकाठानं चालत गेले आणि एका जागी थांबले. मशीन खाली उतरवायला तिथं उतार कापला होता. त्या कापाच्या कडेला वर काळा गाळ, आणि खाली वीतभर जाडीचा पिवळा पट्टा दिसत होता.

ती गुडघ्यांवर बसली. लहान थापीनं माती हळूहळू खरवडायला लागली. आम्ही भावानं आणलेल्या छत्रीखाली बसलो. तासाभरानं तिनं दादांना हाक मारली. पिवळ्या मातीतून एका टवक्याची कड बाहेर आली होती. तिनं तो काढला नाही. आधी फोटो घेतला, माप घेतलं, मग मला वही दिली आणि मी तो पट्टा कागदावर काढला. पुढं एक पातं दिसलं. दिवसभरात एवढंच मिळालं.

दादा बराच वेळ त्या टवक्याकडं वाकून बघत होते. "हा अजून ठेवल्या जागी हाय," ते म्हणाले.

मग सरळ उभं राहून त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. "तळं बांधायच्या आधी हितून ओढा जायचा. ह्या जागी वळण होतं, मी पोहायला आल्तो किती बार. वळणावर गोटे साचतात. गार त्याला हितंच सापडत असंल." त्यांनी पश्चिमेच्या लहान टेकडाकडं बोट केलं. "अन् दुपार कलली की त्याची सावली हितं येती. मला दगडाचं बैठं काम करायचं असतं तर मी बी हितंच बसलो असतो."

ओढ्यानं तेव्हापासून आपली वाट किती वेळा बदलली असेल, हे ती सांगू शकली असती. सांगितलं नाही. तिनं वहीत ते सगळं लिहून घेतलं, सावलीसकट. मी घड्याळ बघितलं. पावणेपाच वाजता सावली त्या कापावर आली, आणि आम्ही चौघंही तिच्यात जाऊन बसलो, कारण ऊन खरंच फार होतं. दादांनी खालचा एक गोटा उचलून हातात तोलला. मला त्या वेळी पहिल्यांदा तो माणूस खराखुरा वाटला. गच्चीवर आणि ओसरीवर मी त्याच्या कारागिरीचं नुसतं कौतुक केलं होतं. इथं त्याला ऊन लागलं असेल, मांडीला मुंग्या आल्या असतील, एखादं पातं मधेच मोडल्यावर तो वैतागला असेल.

तिथं नीट खोदकाम करायला परवानगी लागते. तिला ती त्या वर्षी मिळण्यासारखी नव्हती, पाऊस तोंडावर होता, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. मोठा शोध म्हणावा असं काही हाती लागलं नाही. जुळलेली चार पाती आणि तो गाभा खरेच होते, एकाच हातचे होते, कदाचित चारही पाती एकाच ट्रॉलीतून आलेली होती. पण कुठून, तर तळ्याच्या अंगानं, एवढंच म्हणता येत होतं. तिनं प्रबंधाचं प्रकरण लिहून काढलं ते इंग्रजीत. जायच्या आधी गावाला येऊन तिनं दादांना त्यातला तो भाग मराठीत सांगितला. खालच्या पट्टीतली माती दुसरीकडून आणलेली असून ही माहिती शेतमालकानं स्वतःहून दिली, असं त्यात होतं. स्वतःहून हा शब्द ऐकून मी उठून पाणी आणायला गेले.

दादांनी विचारलं, "तुझं नुकसान झालं का गं?"

"थोडं झालं," ती म्हणाली. "पण खोटं छापलं गेलं असतं, आणि दहा वर्षांनी कुणीतरी इथं येऊन खणलं असतं, मग माझं काही खरं नव्हतं."

"दहा वर्षांनी मी कुठं असणार सांगायला," दादा म्हणाले, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिची नागपूरची बस दुपारची होती. नवऱ्याला काम होतं, म्हणून मीच तिला सोडायला बसस्टँडवर गेले. गाडीला उशीर होता. बाकावर बसलो होतो. तिथं मी तिला सांगितलं, की त्या संध्याकाळी दादांना गप्प राहा म्हणून मी सांगितलं होतं. सांगायचं असं ठरवून आले नव्हते. ती निघून गेल्यावर ते माझ्याजवळच राहिलं असतं, म्हणून असेल.

तिच्या पिशवीचा बंद तिनं दोनदा बोटाला गुंडाळला.

"काकू, मी दोन दिवस वर खोलीत होते ना," ती म्हणाली. "तेव्हा मी एक मजकूर लिहिला होता. त्यात ट्रॉल्यांचं नव्हतं. चांगला झाला होता तो. मी स्वतःला सांगत होते, की म्हातारं माणूस आहे, आठवणीत घोटाळा होऊ शकतो."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी पुसला. तुमचा डबा तसाच परत गेला, ते त्याच दिवशी."

फलाटावर गाडी लागल्याची घोषणा झाली. मी तिची बॅग उचलली. ती म्हणाली, राहू द्या काकू, जड आहे. मी म्हणाले, असू दे, आणि आम्ही दोघींनी एकेक बंद धरून ती गाडीपर्यंत नेली. खिडकीशी बसल्यावर तिनं विचारलं, आजोबांचा गुडघा कसा आहे आता. बराच आहे, मी म्हणाले, तेल लावतात रोज. गाडी सुटेपर्यंत आम्ही गुडघ्यावरच बोलत होतो.